नाव तेच, राउटर निराळा: ओपनडब्ल्यूआरटी न टिकण्याची तक्रार आणि तिचे निवारण

तक्रार जवळजवळ नेहमी एकाच स्वरूपात येते. नवा राउटर आणला, कंपनीचे मूळ फर्मवेअर (राउटर चालवणारी आतली प्रणाली) काढून त्यावर ओपनडब्ल्यूआरटी हे लिनक्सवर आधारलेले खुले फर्मवेअर चढवले, काही दिवस सगळे सुरळीत चालले, आणि मग एका दुपारी वीज जाऊन आल्यावर वाय-फायच दिसेनासे झाले. केबल लावून आत शिरावे तर संकेतशब्द नाही, मांडणी नाही, जाहिराती रोखण्याची सोय नाही. राउटर जणू नुकताच खोक्यातून बाहेर काढलेला. पुन्हा सगळे भरले तरी थोड्या दिवसांनी तोच प्रकार. मग घरची मंडळी वैतागतात, मूळ फर्मवेअर परत चढवले जाते, आणि ‘हे बाहेरचे फर्मवेअर काही खरे नाही’ असा निकाल लागतो.

वडोदऱ्यात दांडिया बाजार, राजमहाल रोड, कारेलीबाग या भागांतल्या नातलगांच्या आणि परिचितांच्या घरचे असे राउटर पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, यांतल्या बहुतेक बिघाडांचे मूळ फर्मवेअरमध्ये नसून खरेदीत असते. खोक्यावरचे नाव पाहून राउटर घेतला जातो. पण फर्मवेअरला त्या नावाशी काहीच कर्तव्य नसते. त्याला आतली चिप, फ्लॅश साठवण आणि रॅम एवढेच ठाऊक असते. म्हणून खाली आधी निदान आणि मग खरेदी असा क्रम ठेवला आहे. कारण जुना राउटर नेमका कशामुळे हरला हे कळल्याशिवाय नवा घेण्यात अर्थ नाही.

मांडणी पुसली जाते तेव्हा

ओपनडब्ल्यूआरटीची फ्लॅशवरील रचना समजून घेतली की हा प्रकार गूढ राहत नाही. फर्मवेअरचा मुख्य भाग स्क्वॉशएफएस नावाच्या दाबून बसवलेल्या, फक्त वाचता येणाऱ्या स्वरूपात असतो. आपण केलेला प्रत्येक बदल, म्हणजे वाय-फायचे नाव, संकेतशब्द, नंतर बसवलेली पॅकेजेस, हा सगळा ऐवज त्यावरच्या ‘ओव्हरले’ नावाच्या लिहिता येणाऱ्या थरात जातो. ८ एमबी फ्लॅशच्या राउटरावर बूटलोडर (राउटर सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम), रेडिओच्या जुळणीची माहिती आणि मुख्य प्रतिमा, म्हणजे फर्मवेअरची चढवायची फाइल, बसल्यानंतर या थरासाठी एखादा एमबी किंवा त्याहूनही कमी जागा उरते. तेवढ्यात जाहिराती रोखणारे पॅकेज, व्हीपीएन आणि वापराचे आलेख काढणारे एखादे साधन बसवले, की जागा संपली. जागा संपल्यावर राउटर तक्रार करतोच असे नाही; कधी नवा बदल अर्धवट लिहिला जातो, आणि कधी पुढच्या वेळी तो थर जोडलाच न गेल्यामुळे राउटर रॅममधल्या तात्पुरत्या थरावर चालू होतो. अशा वेळी केलेले काम वीज असेपर्यंतच टिकते.

तपासणी सोपी आहे. एसएसएचने, म्हणजे संगणकावरून लेखी आज्ञा देण्याच्या मार्गाने, आत जाऊन ‘डीएफ’ ही आज्ञा द्यावी आणि ओव्हरलेच्या ओळीत किती टक्के जागा भरली आहे ते पाहावे. ती ओळ शंभरीला टेकलेली असेल किंवा ओव्हरले ‘टेम्पएफएस’वर, म्हणजे रॅममधल्या तात्पुरत्या जागेवर, दिसत असेल, तर निदान झाले. येथे एक गैरसमज फार जण करून घेतात. जागा मोकळी करण्यासाठी ते फर्मवेअरसोबत आलेली पॅकेजेस काढून टाकतात. परंतु ती वाचनापुरत्या थरात असल्यामुळे काढल्याने जागा मुळीच सुटत नाही, उलट ‘हे काढले आहे’ अशी नोंद ओव्हरलेत वाढते. जागा हवी असेल तर नंतर बसवलेली पॅकेजेस काढावीत, किंवा त्याहून चांगला मार्ग म्हणजे ओपनडब्ल्यूआरटीच्या फर्मवेअर सिलेक्टर या वेबपानावर आपल्या राउटरासाठी हवी तीच पॅकेजेस आत घालून नवी प्रतिमा बनवून घ्यावी. प्रतिमेतच घातलेले पॅकेज दाबलेल्या थरात जाते आणि कमी जागा घेते. नको असलेले पॅकेजही याच टप्प्यावर वगळता येते.

राउटर मध्येच थबकतो किंवा नावांचे पत्ते सापडेनासे होतात तेव्हा

दुसऱ्या प्रकारात मांडणी शाबूत असते, पण संध्याकाळी सगळे घरी आल्यावर संकेतस्थळे उघडत नाहीत, वाय-फायला जोडलेला फोन ‘इंटरनेट नाही’ म्हणतो आणि राउटर बंद-चालू केला की दोन-चार तास बरे जातात. येथे संशय रॅमवर घ्यावा. रॅम संपली की लिनक्सचा कर्नल (प्रणालीचा गाभा) एखादी प्रक्रिया ठार करतो, आणि घरगुती राउटरावर बळी बहुधा नावांचे पत्ते शोधून देणाऱ्या डीएनएसमास्कचा किंवा वाय-फाय सांभाळणाऱ्या होस्टएपीडीचा जातो. जाहिराती रोखणाऱ्या लांबलचक याद्या डीएनएसमास्कच्या पोटात जात असल्यामुळे ६४ एमबी रॅमच्या राउटरावर मोठी यादी चढवणे म्हणजे हे संकट ओढवून घेणेच आहे.

पुरावा शोधताना अडचण अशी की ओपनडब्ल्यूआरटी आपली नोंदवही रॅममध्ये ठेवते. वैतागून राउटर बंद-चालू केला की पुरावाही गेला. म्हणून बंद करण्याआधी ‘लॉगरीड’ देऊन ‘आउट ऑफ मेमरी’ अशा शब्दांची ओळ आहे का ते पाहावे. आणि बिघाड रात्री-अपरात्री होत असेल तर सिस्टिमच्या पानावर लॉगिंगमध्ये घरातल्या एखाद्या संगणकाचा पत्ता देऊन नोंदी तिकडे पाठवण्याची सोय करावी. एवढे केल्याशिवाय ‘आपोआप बंद पडतो’ या वाक्याला निदानाच्या दृष्टीने काही किंमत नाही.

नोंदीत रॅमचा उल्लेखच नसेल आणि राउटर अचानक पहिल्यापासून सुरू होत असेल, तर फर्मवेअर बाजूला ठेवून अडॅप्टर हातात घ्यावा. आपल्याकडे वीज गेल्यावर इंटरनेट चालू राहावे म्हणून राउटरसाठी छोटा यूपीएस लावण्याची पद्धत घरोघरी रुजली आहे. त्यातले पुष्कळ यूपीएस १२ व्होल्ट १ अँपिअरचे असतात, आणि काही घरांत त्याच एका यूपीएसवर फायबरचा डबा आणि राउटर अशी दोन्ही उपकरणे दुपट्या वायरने जोडलेली असतात. जुन्या राउटराला हे चालून जाई. नव्या वाय-फाय ६ राउटराच्या लेबलावर १.५ किंवा २ अँपिअर लिहिलेले असते. त्याचे दोन्ही रेडिओ जोरात चालू झाले की व्होल्टेज खाली बसते आणि राउटर नव्याने सुरू होतो. फर्मवेअर चढवताना हे घडले तर राउटरच बसतो. त्यामुळे चढवण्याच्या वेळी राउटर त्याच्या मूळ अडॅप्टरवर, आणि शक्य असल्यास इन्व्हर्टरच्या लाइनवर असावा. दुसरी गोष्ट उष्णतेची. मे महिन्यात येथे पारा चाळिशीच्या पुढे असतो, आणि राउटर मात्र पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा बंद काचेच्या शोकेसमध्ये ठेवलेला असतो, कारण तो दिवाणखान्यात बरा दिसत नाही. अशा जागी कोणतेही फर्मवेअर नीट चालणार नाही.

जोडणीतले नेहमीचे घोटाळे

काही तक्रारी बिघाडाच्या नसतातच. ओपनडब्ल्यूआरटीचा राउटर मुळात १९२.१६८.१.१ हा पत्ता घेतो. फायबर कंपनीने दिलेला डबाही बहुधा तोच पत्ता धरून बसलेला असतो. दोन्ही एकमेकांना जोडले की राउटराला दोन्ही बाजूंना एकच जाळे दिसते आणि इंटरनेट मिळत नाही, किंवा मिळते आणि जाते. आपल्या राउटराचा पत्ता १९२.१६८.१०.१ असा काहीतरी वेगळा केला की प्रश्न मिटतो. कंपनीने दिलेला डबा ब्रिज मोडमध्ये (नुसता दुवा म्हणून) ठेवून पीपीपीओईचे, म्हणजे कंपनीच्या जाळ्यात शिरण्याचे, लॉगिन आपल्या राउटरात टाकणे हा अधिक स्वच्छ मार्ग आहे. मात्र त्यासाठी वापरकर्त्याचे नाव, संकेतशब्द आणि व्हीलॅनचा (एकाच तारेवरच्या वेगळ्या आभासी जाळ्याचा) क्रमांक आधी मागून घ्यावा लागतो. पीपीपीओईवर एमटीयू, म्हणजे एका खेपेला जाणाऱ्या डेटाची कमाल मर्यादा, १४९२ बाइट असतो, हे लक्षात ठेवलेले बरे. केबलवाल्याचे इंटरनेट असेल तर त्याने जुन्या राउटराचा मॅक पत्ता (उपकरणाचा कायमचा ओळख क्रमांक) नोंदवून ठेवलेला असू शकतो. अशा वेळी तोच पत्ता नव्या राउटराच्या वॅन (बाहेरच्या इंटरनेटच्या) बाजूला लिहिला की काम होते. आणि वॅन बाजूला १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या मालिकेतला पत्ता दिसत असेल, तर आपण कंपनीच्या सामाईक पत्त्यामागे आहोत आणि घरचा कॅमेरा बाहेरून थेट उघडण्याचे काम कोणत्याही फर्मवेअरने होणार नाही, हे मान्य करावे.

५ गिगाहर्ट्झचे वाय-फाय दिसत नाही, ही आणखी एक हमखास तक्रार. प्रथम देशाचा संकेत भारत असा निवडला आहे का ते पाहावे. तो रिकामा राहिला तर बरेच चॅनेल वापरताच येत नाहीत. भारतात २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याचा ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ एवढा मोठा भाग घरगुती वापरासाठी परवानामुक्त झाला, त्यामुळे चॅनेलांची कमतरता नाही. मात्र ५२ ते १४४ या चॅनेलांवर राउटर आधी किमान ६० सेकंद रडारचा कानोसा घेतो आणि मगच प्रक्षेपण सुरू करतो. तेवढ्यात धीर सुटून माणसे राउटर बंद-चालू करतात आणि तो मिनिटभराचा काळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. ३६ किंवा १४९ चॅनेल निवडल्यास हे थांबणे टळते.

अद्ययावत केल्यानंतर उद्भवणारे त्रास बहुतेक वेळा दोन सवयींमुळे होतात. एक म्हणजे ‘मांडणी राखा’ ही खूण प्रत्येक वेळी तशीच ठेवणे. २०२१ च्या २१.०२ आवृत्तीपासून अनेक राउटरांच्या पोर्टांची रचना डीएसए या नव्या पद्धतीवर गेली, जिच्यात प्रत्येक पोर्ट स्वतंत्र दिसतो. जुनी मांडणी नव्यावर लादली तर लॅन (घरातले जाळे) आणि वॅन यांची सरमिसळ होते, म्हणून अशा टप्प्यावर मांडणी कागदावर उतरवून घ्यावी आणि कोऱ्या पाटीने सुरुवात करावी. दुसरी सवय ‘स्नॅपशॉट’, म्हणजे अजून विकासात असलेली ताजी, प्रतिमा चढवण्याची. नवे ते चांगले असे समजून ती उतरवली जाते, आणि मग ब्राउझरमध्ये पानच उघडत नाही, कारण स्नॅपशॉटमध्ये लूसी हे वेबपान मुळात नसते. ज्याला एसएसएचवर काम करण्याची सवय नाही त्याने स्थिर आवृत्तीच घ्यावी.

मूळ मुद्दा: हार्डवेअर आवृत्ती

वरचे सगळे तपासून झाल्यावर, फ्लॅश किंवा रॅम अपुरी आहे असे निष्पन्न झाले, तर त्या राउटराकडून अधिक अपेक्षा करू नये. मग प्रश्न उरतो नव्या खरेदीचा, आणि येथेच तीच चूक पुन्हा होते.

राउटर बनवणाऱ्या कंपन्या एकाच नावाखाली अनेक वर्षे माल विकतात. आतले बोर्ड मात्र दर एक-दोन वर्षांनी बदलते. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूआर८४१एन हे याचे ठळक उदाहरण. त्याच्या आठव्या ते बाराव्या आवृत्तीत अॅथेरॉस-क्वालकॉमची चिप, ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम होती. तेराव्या आवृत्तीत मीडियाटेकची चिप आली आणि साठवण ८ व ६४ एमबी झाली. त्यामुळे चौदावी आवृत्ती आणखी चांगली असेल असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तीत पुन्हा ४ आणि ३२ एमबी आहे. आर्चर सी६ या नावाखालीही दुसरी आवृत्ती क्वालकॉम चिपची, ८ एमबी फ्लॅशची, आणि तिसरी मीडियाटेकच्या एमटी७६२१ चिपची, १६ एमबी फ्लॅशची आहे. एकीची प्रतिमा दुसरीला चालत नाही. हा प्रकार आजचा नाही. ज्या लिंकसिस डब्ल्यूआरटी५४जीच्या उघड झालेल्या सोर्स कोडातून ओपनडब्ल्यूआरटीचा जन्म २००४ मध्ये झाला, त्याच राउटराच्या पाचव्या आवृत्तीत कंपनीने लिनक्स काढून व्हीएक्सवर्क्स ही बंदिस्त प्रणाली घातली आणि फ्लॅश ४ वरून २ एमबीवर, रॅम १६ वरून ८ एमबीवर आणली. नंतर लिनक्स हवे असणाऱ्यांसाठी जुनाच बोर्ड नावापुढे ‘एल’ हे अक्षर जोडून वेगळा विकला गेला.

सयाजीगंजातल्या दुकानात आवृत्तीबद्दल विचारले तर ‘बधुं एक ज छे, साहेब’ असे उत्तर मिळण्याची शक्यता मोठी आहे, आणि दुकानदार खोटे बोलत नसतो. त्याच्या दृष्टीने वाय-फाय चालले की सगळे एकच. म्हणून वाद न घालता खोक्याच्या तळाशी असलेले लेबल पाहावे. बारकोडाजवळ ‘व्हर्जन’ किंवा ‘व्हर्’ असे लिहून पुढे आकडा असतो. काही कंपन्या तो फक्त राउटराच्या तळाला छापतात, तेव्हा खोके उघडून दाखवण्याची विनंती करावी. हा आकडा घेऊन फोनवर ओपनडब्ल्यूआरटीची उपकरणांची सारणी उघडावी आणि नाव, आवृत्ती व प्रदेश या तिन्ही गोष्टी जुळतात का ते पाहावे. प्रदेशही महत्त्वाचा, कारण एकाच आवृत्तीची अमेरिकेतली आणि युरोपातली प्रत काही वेळा निराळी असते. ऑनलाइन मागवताना ही सोय राहत नाही. चित्र एका आवृत्तीचे आणि घरी येणारा माल दुसऱ्या आवृत्तीचा, हे इतके सर्रास होते की, परत करण्याची मुदत असेल तरच ऑनलाइन घ्यावे आणि आवृत्ती पाहिल्याशिवाय अडॅप्टरवरची प्लॅस्टिकची पिशवीही फाडू नये, असे मी सांगतो.

सारणीत नाव सापडणे म्हणजे काम झाले असेही नाही. त्या पानावर राउटर कोणत्या आवृत्तीपासून चालतो, शेवटची स्थिर प्रतिमा कोणती आहे आणि ती चढवण्याची रीत कोणती आहे, हे तीन मुद्दे वाचावेत. रीत वेबपानावरून असेल तर कोणालाही जमेल. टीएफटीपीने (जाळ्यावरून फाइल पाठवण्याची साधी पद्धत) असेल तर लॅपटॉप आणि केबल हवी. सिरियल जोडणी लागत असेल, म्हणजे खोके उघडून बोर्डावरच्या टाक्यांना ३.३ व्होल्टची टीटीएल वायर जोडायची असेल, तर ज्याने सोल्डरिंगची कामे केली आहेत त्यानेच त्या वाटेला जावे. काही कंपन्यांनी आपल्या फर्मवेअरला सही लावून बाहेरची प्रतिमा नाकारण्याची व्यवस्था केली आहे. कडी या कंपनीने याला वेगळा तोडगा काढला आहे. ती स्वतःच सही केलेली मधली प्रतिमा देते, आणि ती चढवल्यावर पुढचा रस्ता मोकळा होतो.

किती साठवण पुरेल याचे उत्तर आता बरेच स्पष्ट आहे. ४ एमबी फ्लॅश किंवा ३२ एमबी रॅमच्या राउटरासाठी १९.०७ नंतर अधिकृत प्रतिमा बनत नाहीत; अशा राउटरावर जुने फर्मवेअर ठेवणे म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्यांशिवाय इंटरनेटच्या तोंडावर बसणे. २१.०२ पासून किमान ८ आणि ६४ एमबी अशी अट आली, पण किमान म्हणजे जेमतेम. नवा राउटर घेताना १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम याखाली जाऊ नये, आणि जाहिरात-रोध, व्हीपीएन, पाहुण्यांचे वेगळे जाळे असे सगळे एकाच राउटरावर चालवायचे असेल तर १२८ एमबी नॅन्ड फ्लॅश आणि २५६ एमबी रॅम पाहावी. घरात आधीच असलेला ८ आणि ६४ एमबीचा राउटर फेकू नये. त्याचे पत्ते वाटण्याचे आणि फायरवॉलचे काम बंद करून, मुख्य राउटरापासून केबल ओढून, त्याला नुसते वाय-फायचे टोक म्हणून वापरता येते. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांच्या दोन-दोन फूट जाडीच्या विटा-चुन्याच्या भिंतींतून ५ गिगाहर्ट्झ पलीकडे पोहोचत नाही, आणि राउटराची प्रक्षेपणशक्ती वाढवूनही फारसे साधत नाही, कारण फोनचा क्षीण आवाज उलट दिशेने यायचा असतो. तिथे प्रत्येक खणात एक स्वस्त टोक आणि मध्ये केबल हाच उपाय आहे.

चिपबद्दल माझे मत थोडे ठाम आहे. ओपनडब्ल्यूआरटीसाठी मीडियाटेकला प्राधान्य द्यावे, कारण तिच्या वाय-फायचा एमटी७६ हा ड्रायव्हर खुला आहे आणि त्यावर काम चालू आहे. एमटी७६२१ ही ८८० मेगाहर्ट्झची दोन गाभ्यांची चिप आता जुनी झाली असली तरी १०० ते २०० एमबीपीएसच्या जोडणीला पुरते; वाय-फाय ६ हवे असेल तर एमटी७९८१ आणि एमटी७९८६ या फिलॉजिक मालिकेतल्या चिपांचे राउटर घ्यावेत. जुन्या क्वालकॉम-अॅथेरॉस चिपांचा अनुभवही चांगला आहे, फक्त त्यांचे प्रोसेसर मंद आहेत. ब्रॉडकॉमच्या राउटरांपासून या कामासाठी दूर राहावे. त्यांच्या वाय-फायचे ड्रायव्हर बंदिस्त असल्यामुळे ओपनडब्ल्यूआरटीवर रेडिओ धड चालत नाही. ब्रॉडकॉमचाच राउटर घरात असेल तर फ्रेशटोमॅटो किंवा डीडी-डब्ल्यूआरटी, आणि आसूसचा असेल तर आसूसडब्ल्यूआरटी-मर्लिन, हे रास्त पर्याय आहेत. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी१९०० आणि ३२०० मालिकेच्या मोहातही पडू नये. त्यांची जाहिरात खुल्या फर्मवेअरसाठी म्हणूनच झाली होती, पण त्यांच्या वाय-फाय ड्रायव्हरचे काम पुढे थांबले आणि आज हे राउटर जुन्या बाजारात त्या जाहिरातीच्या पुण्याईवर विकले जातात.

खोक्यावरच्या ‘१२००’ किंवा ‘१५००’ या आकड्याने निर्णय करू नये. १२०० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७ यांची कागदावरची बेरीज आहे. त्याऐवजी मागचे पोर्ट पाहावेत. १०/१०० लिहिले असेल तर २०० एमबीपीएसची योजना घेऊनही केबलीवर ९५ च्या आसपासच मिळणार. खेळाचा किंवा व्हिडिओ कॉलचा अडखळा घालवण्यासाठी एसक्यूएम (डेटाच्या रांगांचे नियोजन करणारी सोय) लावायचे असेल, तर ते काम पूर्णपणे प्रोसेसरवर पडते आणि त्यासोबत हार्डवेअर ऑफलोडिंगची, म्हणजे हे काम चिपच्या वेगळ्या भागावर सोपवण्याची, मदत घेता येत नाही. म्हणून अशा घराने प्रोसेसरमध्ये काटकसर करू नये.

कटकट नको असेल आणि थोडे जास्त पैसे देण्याची तयारी असेल, तर ओपनडब्ल्यूआरटीवरच आधारलेले फर्मवेअर घेऊन येणारे जीएल.आयनेटचे राउटर पाहावेत. त्यांच्या एमटी३००० मध्ये ५१२ एमबी रॅम आणि २५६ एमबी फ्लॅश आहे, शिवाय मूळ ओपनडब्ल्यूआरटीही त्यावर चढते. फक्त तो यूएसबी-सीवर ५ व्होल्ट ३ अँपिअर मागतो, त्यामुळे घरचा १२ व्होल्टचा यूपीएस त्याच्या कामाचा नाही.

चढवताना आणि फसल्यावर

राउटर योग्य निवडला असेल तर चढवण्यात फारसे काही राहत नाही. कंपनीच्या फर्मवेअरवरून प्रथमच जाताना ‘फॅक्टरी’ नावाची प्रतिमा आणि ओपनडब्ल्यूआरटीवरून ओपनडब्ल्यूआरटीवर जाताना ‘सिसअपग्रेड’ नावाची, एवढा भेद पाळावा. उतरवलेल्या फाइलची शा२५६ बेरीज (फाइल अखंड असल्याची खूण) पानावरच्या बेरजेशी जुळवावी. आणि काम वाय-फायवरून न करता केबलीने करावे. ‘प्रतिमा या उपकरणासाठी नाही’ असा इशारा आला तर सक्तीने पुढे जाण्याची खूण कधीही करू नये. हार्डवेअर आवृत्ती चुकल्याचे सांगणारी ती शेवटची पायरी आहे.

चढवल्यानंतर राउटर गप्प झाला तर लगेच मेला असे समजू नये. बहुतेक राउटरांवर ओपनडब्ल्यूआरटी वाय-फाय बंद ठेवूनच सुरू होते, त्यामुळे आधी केबल लावून १९२.१६८.१.१ पाहावे. तेथे काही नसेल तर फेलसेफ, म्हणजे आपली मांडणी बाजूला ठेवून सुरू होण्याची सोय, आहे: राउटर सुरू होताना दिवा वेगळ्या लयीत लुकलुकू लागला की रीसेटचे बटण दाबावे, दिवा अतिवेगाने मिचकू लागला म्हणजे आपण आत आलो. तेथून ‘फर्स्टबूट’ देऊन ओव्हरले पुसला की चुकलेली मांडणी निघून जाते. फेलसेफही मिळत नसेल तर बूटलोडरकडे वळावे. टीपी-लिंकच्या अनेक क्वालकॉम राउटरांत, लॅपटॉपला १९२.१६८.०.६६ हा पत्ता देऊन त्यावर टीएफटीपी सर्व्हर चालवला आणि रीसेट दाबून धरत राउटर सुरू केला, तर तो ठरावीक नावाची रिकव्हरी फाइल स्वतःहून मागून घेतो. फाइलचे नेमके नाव त्या राउटराच्या पानावर असते. फायरवॉलने टीएफटीपी अडवल्यामुळे हा प्रयोग फसतो, तेव्हा लॅपटॉपची फायरवॉल तेवढ्यापुरती बंद ठेवावी.

एक किरकोळ पण उपयोगी गोष्ट राहिली. पावसाळ्यात बाहेरून आलेल्या केबलीवाटे धक्का बसून वॅनचा एकच पोर्ट निकामी होणे आपल्याकडे नवे नाही, आणि मूळ फर्मवेअरवर असा राउटर बाद ठरतो. ओपनडब्ल्यूआरटीवर मात्र नेटवर्कच्या पानावरून लॅनचा एखादा पोर्ट पुलाबाहेर (लॅनचे पोर्ट एकत्र जोडणाऱ्या ब्रिजबाहेर) काढून त्यालाच वॅन करता येते, आणि उरलेल्या पोर्टांवर घर चालू राहते.